आश्वेच्या लाटेचा अंदाज: आधी सेकंद बघा, उंची नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मार्चमध्ये आम्ही तिघे पुण्याहून गोव्यात आश्वेला सर्फिंगसाठी आलो. शनिवारी ॲपवर लाट 1 मीटर दिसत होती. दुपारी एकला पाण्यात उतरलो तर नुसता खळबळाट, एक लाट धड उभी राहीना. सोमवारी 0.7 मीटर दाखवत होतं, म्हणून सकाळीच परतायला गाडी काढली. चोर्ला घाटात असताना आश्वेच्या ओळखीच्या मुलाने व्हिडिओ पाठवला, लांबच लांब, काचेसारख्या लाटा. ॲप खोटं बोलतं का? मग बघायचं तरी काय?

ॲपला बोल लावू नका. शनिवारचा मीटरही खरा होता आणि सोमवारचा पाऊण मीटरही. तुम्ही सगळ्यात मोठ्या अक्षरांतला आकडा वाचलात आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलेले सेकंद सोडून दिलेत. जवळपास सगळेच सोडतात. आश्वे-मांद्रे पट्ट्यात मी बारा वर्षं शिकवतोय, त्याआधी मालवणकडे घरच्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, होतो. आजही सकाळी मोबाइल उघडला की आधी सेकंद बघतो, मग वाऱ्याची वेळ, मग भरती-ओहोटी. उंची शेवटी.

दोन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट पाठवलेत ते बरं केलंत. शनिवारच्या चित्रात 1.0 मीटरच्या खाली दोन ओळी आहेत. एक: 0.6 मीटर, 13 सेकंद, 207 अंश. दुसरी: 0.8 मीटर, 5 सेकंद, 312 अंश. म्हणजे त्या दिवशी समुद्रात दोन वेगवेगळ्या लाटा होत्या. एक लांबून, दक्षिण-नैर्ऋत्येकडून आलेली. दुसरी इथल्याच वाऱ्याने उठवलेली, वायव्येकडून. अंश लाट कुठून येते ते सांगतात, कुठे जाते ते नाही. यात नवखे हमखास फसतात.

आता 0.6 आणि 0.8 मिळून 1.4 व्हायला हवेत, 1.0 कसे? लाटांच्या उंचीची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करायचे, बेरीज करायची, वर्गमूळ काढायचं. 0.36 आणि 0.64 मिळून 1, त्याचं मूळ 1. शाळेतला पायथागोरस इथे असा भेटतो. शिवाय हा एकूण आकडाही सरासरी नव्हे. अंदाजात येते ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. त्यामुळे 1 मीटर लिहिलेल्या दिवशी बहुतेक लाटा त्याहून लहान असतात, आणि तासाभरात एखादी जवळपास दुप्पट येऊन जाते.

सेकंद म्हणजे लाटेचा एक माथा गेल्यावर दुसरा त्याच जागी यायला लागणारा वेळ. सर्फर त्याला पिरियड म्हणतात. खोल समुद्रात सेकंदांचा वर्ग करून 1.56 ने गुणलं की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. 5 सेकंदांची लाट 39 मीटर लांब. 13 सेकंदांची 264 मीटर. सोमवारची तुमची 16 सेकंदांची लाट 400 मीटर लांब होती. या लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागायला सुरुवात होते. म्हणजे वाऱ्याची ती 39 मीटरची लाट किनाऱ्याजवळ 20 मीटर पाण्यात येईपर्यंत तिला खाली जमीन आहे याचा पत्ताच नसतो. 400 मीटरवालीला 200 मीटर खोलीवर, भूखंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेलाच तळ जाणवतो. तिथून पुढे ती हळूहळू वळते, किनाऱ्याशी समांतर होते, वेग कमी होतो आणि अंग उचलते.

अंग उचलणं महत्त्वाचं आहे. 0.7 मीटर, 16 सेकंदांची लाट सरळ किनाऱ्यावर आली तर मोडताना जवळजवळ दुप्पट, 1.4 मीटरच्या आसपास होते. तिरपी येत असल्याने थोडी घटते, तरी छातीपर्यंत येतेच. 0.8 मीटर, 5 सेकंदांची लाट मोडताना कशीबशी मीटरभर होते, आणि तीही एका रांगेत मोडत नाही, तुकड्यातुकड्याने ढासळते.

गंमत म्हणून ताकदही काढू. उंचीचा वर्ग गुणिले सेकंद, भागिले दोन. उत्तर लाटेच्या दर मीटर रुंदीमागे किलोवॉटमध्ये. हा ढोबळ हिशेब आहे, पण कामापुरता पुरतो. सोमवार: 0.49 गुणिले 16 भागिले 2, म्हणजे 3.9. शनिवार: दक्षिणेकडची लाट 2.3, वाऱ्याची 1.6, मिळून पुन्हा 3.9. ताकद दोन्ही दिवशी तेवढीच! फक्त शनिवारी ती दोन दिशांनी येऊन एकमेकींच्या पायात पाय घालत होती.

ही लांबची लाट येते कुठून? गोव्यापासून दक्षिणेला 6000 किलोमीटरहून लांब, 40 ते 60 दक्षिण अक्षांशांच्या पट्ट्यात वादळं फिरत असतात. तिथे दोन-तीन दिवस एकाच दिशेने सोसाट्याचा वारा सुटला की मोठ्या लाटा उठतात आणि वादळाच्या तावडीतून सुटून विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे निघतात. 16 सेकंदांच्या लाटांचा जथा दिवसाला साधारण 1080 किलोमीटर कापतो. म्हणजे तुम्ही ज्या लाटेवर सोमवारी उभे राहू शकला असतात ती आदल्या सोमवारच्या आसपास निघालेली.

लांब लाटा वेगाने धावतात, म्हणून त्या आधी पोहोचतात. अंदाजात एखाद्या दिवशी 0.2 मीटर, 19 सेकंद असं काहीतरी हास्यास्पद दिसतं. किनाऱ्यावर काहीच दिसत नाही. पण तो निरोप असतो. त्यानंतर एक-दीड दिवसात सेकंद 16-15 वर उतरतात आणि उंची चढते. खेळायचं ते तेव्हा. पुढे 13, 12, 11 करत सगळं विझतं. शनिवारी तुम्हाला दिसलेले 13 सेकंद ही आधीच्या जथ्याची शेपटी होती आणि सोमवारचे 16 हा नवा जथा. तुमच्या रविवारच्या स्क्रीनशॉटमध्ये तिसऱ्या ओळीत 0.3 मीटर, 18 सेकंद आहे, बघा. मला तो दिसला असता तर मी सोमवारची सुट्टी वाढवायला सांगितलं असतं.

दिशेबद्दल एक गोष्ट, जी ॲपवाला सांगत नाही. थेट दक्षिणेकडून आपल्याकडे येणाऱ्या वाटेवर मालदीव आणि लक्षद्वीपची बेटं आहेत. जास्त पश्चिमेकडे सरकलं तर मादागास्कर आडवा येतो. मधली फट, साधारण 200 ते 215 अंशांची, मोकळी आहे. ही काही पोलादी भिंत नव्हे, लाटा पसरत येतात. पण 185 अंश लिहिलेला स्वेल, म्हणजे लांबून आलेली लाट, इथे नेहमी कागदापेक्षा अशक्त निघतो आणि 207 लिहिलेला कागदापेक्षा दांडगा, हा माझा अनुभव आहे.

वायव्येकडूनही लाट येते. हिवाळ्यात अरबस्तानाकडे शमाल नावाचे वारे सुटतात, त्यांच्या लाटा अरबी समुद्र पार करून इकडे पोहोचतात. 6 ते 8 सेकंदांच्या. डिसेंबर-जानेवारीत बाकी समुद्र झोपलेला असताना शिकणाऱ्यांना त्या पुरतात. बोर्डावर उभं राहणाऱ्याला त्यात फारसं काही नाही.

आता वारा. तुमची शनिवारची खरी चूक ही होती, आकड्याची नव्हे. तुम्ही दुपारी एकला उतरलात. भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात का? रात्री जमीन निवते, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा जातो, तो मतलई. लाट मोडायला येते तेव्हा हा वारा तिच्या तोंडावर येतो, तिला क्षणभर उभी धरतो, पाठीवरून तुषार मागे उडतात. सर्फरचा ऑफशोअर तो हाच. जमीन तापली की खेळ उलटतो. मार्च ते मे या काळात आपल्याकडे अकरा-साडेअकराला वायव्येचा खारा वारा धरतो, दोनपर्यंत पाण्यावर पांढरे ठिपके दिसायला लागतात, आणि सूर्यास्तापर्यंत तो हटत नाही. 0.8 मीटर, 5 सेकंद, 312 अंश ही ओळ म्हणजे दुसरं काही नाही, हाच दुपारचा वारा पाण्यावर उमटलेला.

म्हणून मार्चनंतर आश्वेला सर्फिंग म्हणजे सकाळी साडेसहा ते साडेनऊ. नाश्ता नंतर. पुण्या-मुंबईची मंडळी रात्री उशिरा पोहोचतात, दहाला उठतात, पोहे खातात आणि भर वाऱ्यात बोर्ड मागायला येतात. त्यांना मी बोर्ड भाड्याने देतो, पण मनापासून नाही. हिवाळ्यात मतलई जास्त टिकतो, दहा-साडेदहापर्यंत. दुपारीच उतरायचं असेल तर हरमलला जा. तिथे उत्तर टोकाला डोंगर आहे, त्याच्या आडोशाला वायव्येचा वारा थोडा मोडतो. थोडाच.

भरती-ओहोटीसाठी ॲपची गरज नाही, कालनिर्णय पुरे. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. तुमच्या सोमवारी षष्ठी होती: सहा पाऊण साडेचार. साडेचारला भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी, पावणेअकराला सुकती, म्हणजे ओहोटी, संपणार. म्हणजे सात-आठला पाणी मध्यावर आणि उतरतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सर्फिंगला तेवढं चालतं. आश्वेला मध्यावरचं पाणीच चांगलं. पूर्ण भरतीला लाट थेट काठाच्या उतारावर आपटते, आणि बोर्डाची फिन, म्हणजे खालचा पंख, वाळूत रुतून तुटते. उधाणाच्या दिवशी तळओहोटीला सगळी रांग एकदम कोसळते, बाजूला निसटायला जागाच उरत नाही. गोव्यात उधाणाचा चढउतार दोन मीटरच्या आसपास असतो, मुंबईसारखा साडेचार-पाच नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण लाट आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीत मोडते. मीटरभर लाटेला पाणी मीटरभर वर-खाली झालं की मोडण्याची जागा कुठच्या कुठे जाते.

आणि ती जागा कुठे आहे हे कोणतंही ॲप सांगू शकत नाही. जागतिक मॉडेल समुद्राचे पंधरा-पंचवीस किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करतं. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हे सगळं एका चौकोनात बसतं. पाण्याखालचा वाळूचा दांडा त्या हिशेबात नाही. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि आत शंभर-दीडशे मीटरवर तिचा दांडा घालतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो ताजा असतो, लाट लांब मोडते आणि लांब पळते. पुढे शांत पाणी हीच वाळू थोडीथोडी परत किनाऱ्यावर आणून टाकतं. मार्चपर्यंत दांडा विस्कटलेला, जागोजागी तुटलेला असतो. त्यामुळे मी रोज सकाळी बोर्ड न घेता आधी दहा मिनिटं वाळूवर चालतो. फेस कुठे पहिल्यांदा पांढरा होतो, तिथे दांडा. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये गडद, गुळगुळीत, शांत दिसणारं पाणी जिथे असेल तिथे दांडा फुटलेला, आणि किनाऱ्याकडे आलेलं सगळं पाणी तिथून परत समुद्रात जातंय. पोहणाऱ्यांना ती जागा सगळ्यात सुरक्षित वाटते. ती ओढीची जागा आहे.

मालवणला जाणार असाल तर एक सावधगिरी. जेटीवर उभं राहून समुद्राचा अंदाज करू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक लाटेचा जोर बाहेरच मोडतात. जेटीजवळ होडी जेमतेम डोलत असते, आणि त्याच वेळी पलीकडे तारकर्लीला, त्याहून पुढे देवबागच्या संगमापाशी, उतरण्यासारखं पाणी नसतं.

याच विषयावर माझी एक चूक सांगतो, कारण ती याच आकड्यांची आहे. शिकवायला लागून दुसरं वर्ष होतं. एप्रिलचा शेवट, वेंगुर्ल्याच्या उत्तरेकडचा एक किनारा, चार विद्यार्थी. अंदाज 0.6 मीटर, 18 सेकंद. मीही तेव्हा उंचीच बघायचो. गेलो तर पाणी तळ्यासारखं. एक म्हातारे रापणकार जाळं सुकवत बसले होते. मी चौघांना छातीभर पाण्यात नेताना ते म्हणाले, "दर्या गप आसा म्हणजे निजलो असा नाय." मी हसलो. दहा-बारा मिनिटं काही नाही. मग आत क्षितिजावर एक रेघ जाड झाली, तिच्यामागे दुसरी, तिसरी. लांब सेकंदांच्या लाटा अशाच टोळीने येतात, पाच-सात एकामागोमाग, आणि मध्ये भली मोठी शांतता. पहिल्या लाटेने दोघांचे बोर्ड काढून घेतले. तिसरीनंतर एक मुलगी त्या गडद पट्ट्यात सापडली आणि आत जायला लागली. ती हात मारत होती किनाऱ्याकडे, आणि किनारा लांब जात होता. मी बोर्ड घेऊन तिच्यामागे गेलो, तिला त्यावर घातलं, आणि आम्ही ओढीशी न झगडता किनाऱ्याला समांतर हात मारत फेसाच्या पट्ट्यापर्यंत आलो. तिथून लाटांनीच आम्हाला बाहेर फेकलं. रापणकारांनी दोर आणून ठेवला होता, तो लागला नाही. ते एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझा नियम: सेकंद 15 च्या वर असतील तर उंची काहीही असो, नवशिक्याने कमरेच्या पुढे जायचं नाही, आणि मी स्वतःसुद्धा काठावर वीस मिनिटं बसल्याशिवाय उतरत नाही. वीस मिनिटांत एक तरी टोळी येतेच.

केरळातले कोळी अशा समुद्राला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि पाणी घरात. मे 2024 च्या पहिल्या आठवड्यात अशाच दक्षिणेकडून आलेल्या स्वेलसाठी हैदराबादच्या इन्कॉइसने इशारा दिला होता. ही केंद्र सरकारची संस्था, 1999 पासून आहे, आणि तिचा समुद्रस्थितीचा अंदाज फुकट मिळतो. रत्नागिरी आणि कारवारजवळ तिचे तरंगणारे लाटमापक आहेत. आश्वे त्या दोन्हींच्या मध्ये पडतं. परदेशी ॲपचा आकडा आणि लाटमापकाचा आकडा मी रोज शेजारी ठेवून बघतो. सेकंद बहुधा जुळतात, उंचीत फरक निघतो. इन्कॉइसचा उंच लाटांचा किंवा स्वेलचा इशारा असेल तर तारे देणाऱ्या ॲपने पाच तारे दिले तरी उतरायचं नाही. तसेही ते तारे कॅलिफोर्निया-ऑस्ट्रेलियाच्या सर्फरसाठी आहेत. इथल्या उत्तम शिकाऊ दिवसाला एक तारा मिळतो, आणि ज्या दिवशी चार मिळतात त्या दिवशी जीवरक्षकांनी लाल बावटा लावलेला असतो.

जून ते सप्टेंबरबद्दल लिहीत नाही, तो प्रश्नच नाही. ऑक्टोबर 2019 चं क्यार किंवा मे 2021 चं तौक्ते यांसारखं चक्रीवादळ अरबी समुद्रात असेल तेव्हाही नाही. बोर्ड दोरीने बांधायचा आणि घरी बसायचं.

पुढच्या वेळी असं करा. निघायच्या सात-आठ दिवस आधीपासून अंदाज बघायला लागा, पण पाचव्या दिवसापलीकडच्या उंचीवर विश्वास ठेवू नका. सेकंद आणि दिशा मात्र तोपर्यंत बऱ्यापैकी बसलेले असतात. एकूण उंची झाकून ठेवा आणि खालच्या ओळी वाचा. 200 ते 215 अंश, 12 ते 15 सेकंद, 0.5 ते 0.8 मीटर, सकाळी वारा पूर्वेचा किंवा ताशी 8 किलोमीटरच्या आत, पाणी मध्यावर: तुम्हा तिघांच्या पातळीला हा दिवस सोन्यासारखा. 6 सेकंद आणि 1.2 मीटर दिसलं तर त्या दिवशी तेरेखोलचा किल्ला बघून या.

आणि किनाऱ्यावर पोहोचलात की घड्याळ लावा. दांड्यावर एक जागा नजरेत धरा, तिथे लाट पांढरी झाली की शून्य म्हणा, दहावी लाट पांढरी होईपर्यंत थांबा, जेवढे सेकंद झाले त्याला दहाने भागा. शनिवारसारख्या खिचडीत हे जमत नाही, कुठली लाट मोजायची तेच कळत नाही. मोजता येत नसेल तर बोर्ड खाली ठेवायचा आणि टपरीवर चहा प्यायला जायचं. आम्ही तेच करतो.